गौरीचं तिखट पान

माझी मुलगी संध्या घरात पाऊल टाकते ती नाक वर करून. चपला काढायच्या आत वास घेते. 'आये, कशी हायस' नाही, 'बाबा कुठं गेले' नाही, सरळ माझ्या स्वयंपाकघरात. डबे उघडणार, झाकणं उलटी करून बघणार, कढईच्या काठावर बोट फिरवून नाकाशी नेणार. लग्न होऊन घणसोलीला गेली त्याला अकरा वर्षं झाली. तिकडे तिचं घर आहे, नवरा आहे, सासू आहे. तरी दर शनिवारी इकडे दिवाळे गावात येऊन माहेरच्या डब्यांची झडती. मी चाळीस वर्षं बेलापूरच्या बाजारात मासळी विकली. माझ्या पाटीतल्या बोंबलाला शिळा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आणि ही पोटची पोर माझा मसाल्याचा डबा हुंगते.

एकदा मी म्हणालेसुद्धा, "पोलिसांकडं कुत्री असतात हुंगायला. तिकडं तुला नोकरी लागंल."

"लागली तर करीन," ती म्हणाली. "तू आधी सांग, ह्या बरनीत काय हाय?"

"मीठ."

"उघड."

उघडली. मीठच होतं. तिने बोट बुडवून चाखलं आणि मग झाकण लावलं. जवळा, सोडे, करंदी, जे जे मी पावसाळ्यासाठी उन्हात वाळवून पत्र्याच्या डब्यांत भरलं होतं, ते तिने आधीच घराबाहेर काढलं होतं. जवळा, करंदी म्हणजे बारीक कोलंबीच, आणि सोडे म्हणजे सोललेली, वाळवलेली कोलंबी. कोळ्याच्या घरात ते मीठ-मिरचीसारखे असतात, भाजीत मूठभर पडतात, त्यांना कुणी मासळी म्हणत नाही. ते डबे तिने शेजाऱ्यांना वाटून टाकले. माझ्या दारात उभी राहून, माझ्या डोळ्यांदेखत.

हे सगळं केतनसाठी. केतन माझा मुलगा, संध्याहून तीन वर्षांनी लहान, बंदरावर नोकरीला. अडीच वर्षांपूर्वी त्याला ताप धरला, अंगावर काळे-निळे डाग उठले आणि डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा कॅन्सर. औषधांनी गेला म्हणाले, सहा महिन्यांत परत आला. मग हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बोनमॅरो बदलायचा. भावंडाचं जुळलं तर सगळ्यात चांगलं. संध्याचं पुरतं जुळलं.

त्या दिवशी बाईंनी संध्याला समोर बसवून चार-पाच पानांचा कागद काढला. कावीळ झाली होती का, दम लागतो का, बाळंतपणं किती, औषधं कुठली. मग विचारलं, "कशाची ॲलर्जी? औषधाची, खाण्याची?"

संध्या तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोलले. "तिला काय नाय, डॉक्टर. जेवताना नाक मुरडायची सवय, तेवडीच."

बाईंनी संध्याकडे बघितलं. संध्या जमिनीकडे बघत होती. बाईंनी कागदावर रेघ ओढली आणि पान उलटलं.

नाक मुरडायची सवय म्हणजे काय ते सांगते. संध्या सहा-सात वर्षांची असल्यापासून कोलंबी खाल्ली की रडायची. तोंडात मुंग्या आल्या म्हणायची, ओठ सुजायचे, कधी उलटी करायची. मी ऐकून घेतलं नाही. कोळणीची पोर आणि कोलंबीला नको म्हणते, हे मी बाजारात कुठल्या तोंडाने सांगू? शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, शेवंताबाईची पोर बामनाच्या घरात जायची होती. मी तिचं नाक दाबून भरवलं आहे. दोनदा, तीनदा. मग ती शहाणी झाली, माझं लक्ष नसताना कोलंबी भावाच्या ताटात टाकायची आणि तो मिटक्या मारत खायचा. लग्न ठरताना मी तिला बजावलं, सासरी असले लाड सांगायचे नाहीत. तिच्या सासूने मात्र पहिल्याच महिन्यात तिच्यासाठी वेगळी कढई काढली. जावई दिलीपने हे सहज बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मला त्या बाईचा राग आला. म्हटलं, भोळी आहे, पोरीने नादाला लावली.

तर ते असो. संध्याला पाच दिवस सुया टोचल्या. तिची कंबर बाळंतपणासारखी दुखत होती, तरी हूं की चूं नाही. मग मशीनला लावून हातातून रक्त काढलं आणि त्यातलं हवं तेवढं घेतलं. तेवढंसं लाल पाणी एका पिशवीत भरून केतनला लावलं. मी काचेबाहेर उभी होते. आत माझा चौतीस वर्षांचा पोर, डोक्यावर केस नाही, भुवया नाहीत, ओळखू येत नव्हता. तिथेच मी गौरीला नवस बोलले. हा उठला तर तुला तिखटाचं भरलं पान वाढीन, चिंबोरी आणि कोलंबीसकट, काही कमी करणार नाही.

तो उठला. हळूहळू उठला. सुनेने, मनस्वीने, वर्षभर त्याला काचेच्या भांड्यासारखा सांभाळला. पाणी उकळून, फळं सोलून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाला मास्क. बाजारातून आले की मला माझ्याच घरात मागच्या दाराने जाऊन आंघोळ करावी लागायची. लहान बाळाला देतात त्या सगळ्या लसी त्याला पुन्हा टोचायला लागल्या. रक्ताचा गटसुद्धा बदलला, आधी बी होता, आता संध्याचा ओ. माझा नवरा गोटीराम सहसा बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाला, "मंग माजं काय उरलं ह्याच्यात?"

"नाक," मी म्हणाले. "तुमच्यासारखं फताडं."

केतन हसला. किती महिन्यांनी हसला होता.

चौदा महिने झाल्यावर बाई म्हणाल्या, आता हळूहळू सगळं खायला हरकत नाही. मी त्याच दिवशी धक्क्यावर गेले, होडीतून उतरलेली ताजी कोलंबी निवडून घेतली आणि त्याच्या आवडीचं आंबट कालवण केलं. दोन घास खाल्ले. तिसऱ्याला हात थांबला. म्हणाला, "आये, ओठाला काहीतरी होतंय." बघते तर ओठ टरारले, मानेवर गांधी उठलेल्या. मनस्वीने गोळी दिली, रात्रीपर्यंत उतरलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघा भावंडांचं रक्त तपासायला घेतलं. आठवड्याने आम्हाला बसवून सांगितलं. मला मावशी म्हणतात त्या. "मावशी, केतनचं जुनं रक्त आम्ही औषधांनी पुसून टाकलं. आता त्याच्या अंगात रक्त तयार होतं ते संध्याच्या बियाण्यातून. संध्याच्या रक्ताला कोलंबी शत्रू वाटते, लहानपणापासून. ती ओळख बियाण्याबरोबर केतनकडे आली. सगळ्यांना असं होत नाही, यांना झालं. कोलंबी, जवळा, सोडे, करंदी, चिंबोरी, कुठलाही खेकडा, सगळं बंद. बाकीची मासळी चालेल."

मग संध्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही मला नको म्हणाल," संध्या म्हणाली. "दुसरं कोणाचंच जुळत नव्हतं."

"नको म्हटलं नसतं. तुमचंच घेतलं असतं. फक्त कोलंबीचा पहिला घास त्यांना घरी खाऊ दिला नसता."

बाईंनी मनस्वीला औषधाची छोटी काचेची बाटली आणि सुई दिली. श्वास अडला तर मांडीत टोचायची, वाट बघायची नाही. कसं टोचायचं ते संत्र्यावर करून दाखवलं.

मी सगळं ऐकलं आणि काही मानलं नाही. दात आल्यापासून सोडे चघळत मोठा झालेला माझा पोर. वादळाच्या तोंडावर बापाबरोबर खाडीत होडी घालणारा. त्याला कोलंबी बाधेल? एवढी विषारी औषधं अंगात गेली, त्याची उष्णता बाहेर पडली, असं मी म्हणाले. घरी म्हणाले, धक्क्यावर म्हणाले, मनस्वीच्या आईला फोनवर म्हणाले. कारण ते मानलं असतं, तर दुसरंही मानावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. पण तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकेना. भाकरी थापायला बसले की उठून दारात जायची. दारात गेले की चुलीवरचं आठवून परत यायची. गोटीराम म्हणायचा, "तुला काय विंचू चावलाय?" आणि शनिवार आला की संध्या यायची, नाक वर करून.

मग गौरी-गणपती आले.

आमच्यात गौर येते त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचं जेवण. मटण, चिंबोरी, कोलंबी, तांदळाचे वडे. माझ्या सासूच्या आधीपासून असंच. संध्या चार दिवस आधीच येऊन समोर बसली. म्हणाली, "मटन कर, पापलेट कर. चिंबोरी नाय, कोलंबी नाय. शिजतानाच्या वाफेनं पन तरास होतो."

"मी गौरीला बोलले हाय. काचेबाहेर उभी राहून बोलले."

"गौरीला समजंल."

"तुला गौरीचं काय म्हाईत?"

"तिचा पोर असा आजारातून उठला असता तर तिनं काय केलं असतं, तेवडं म्हाईत."

"घनसोलीला जाऊन तोंड लई चालायला लागलं तुजं."

"ते दिवाळ्याचंच हाय," ती म्हणाली.

गोटीराम दारात जाळं शिवत होता. तिथूनच म्हणाला, "पोरगी म्हनते तसं कर की."

"तुमी तुमचं जाळं शिवा," मी म्हणाले.

मी केतनकडे बघितलं. वाटलं, तो तरी माझ्या बाजूने बोलेल. तो खाली बघून म्हणाला, "आये, खरं सांगू? मला आता वासाची पन भीती वाटते. धक्क्यावरनं जाताना श्वास धरून जातो."

माझा पोर. धक्क्यावर श्वास धरून. मला वाटलं कुणीतरी भर बाजारात माझी पाटी उलथी केली.

मी म्हणाले, "बरं. मटन आन पापलेट."

आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडच्या कमळाकरच्या घरी गेले. त्याच्या बायकोकडून आमच्याच डब्यातले मूठभर सोडे मागून घेतले, तिच्याच तव्यावर भाजले, तिच्याच खलात कुटले आणि पूड फडक्यात बांधली. ती पुरचुंडी मी गौरीच्या साडीच्या पेटीत ठेवली. संध्याने घरातलं सगळं हुंगलं, ती पेटी हुंगली नाही.

माझा हिशोब सोपा होता. गौरीच्या पानावर वांग्याची भाजी असते. घरच्यांचं वांगं साधं. फक्त गौरीच्या पानावरच्या वांग्यात तीन चिमटी पूड. गौरीला दिलेला शब्द राहील, घरात वाफ नाही, वास नाही. मग ते पान मी स्वतः घेईन आणि स्वतः खाईन. ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

तिखटाच्या दिवशी संध्या पहाटेच आली. मसाला चाखला, तेल बघितलं, वड्याचं पीठ बोटांनी चाचपलं, भांडी राखेने आणि साबणाने दोनदा घासली. नंतर दिलीप आला. मी गौरीपुढे केळीचं पान मांडून वाढायला बसले. मटण, वडे, पापलेटची तुकडी, भात, वांगं. पदराआडून पुरचुंडी सोडली आणि वांगं कालवलं. संध्या माझ्या मागे दोन हातांवर उभी होती. नैवेद्य दाखवायच्या आधी त्याला हात लावायचा नाही, चाखायचा नाही, त्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही, हे मीच तिला लहानपणी शिकवलेलं. ती तशीच उभी राहिली. नाकावरून पदर घेऊन, हात जोडून.

मी उठले तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. बऱ्याच महिन्यांनी. म्हणाली, "आये, तू ऐकलंस, बरं वाटलं मला."

मी पाण्याचा तांब्या भरायला गेले. तांब्या भरलेलाच होता.

आरती झाली. पंगत मांडली. गोटीराम, दिलीप, केतन. मी वडे आणायला आत वळले आणि बाहेर आले तर मनस्वीने गौरीपुढचं पान दोन्ही हातांवर उचललेलं. "आई, नवस ह्यांच्यासाठी होता ना," ती म्हणाली. "मग गौरीचं पान ह्यांनीच घ्यायचं." आणि तिने ते केतनच्या पुढे ठेवलं.

ज्याच्यासाठी नवस, पान त्याचं. हे बरोबरच होतं. मलाच ते सुचलं नव्हतं.

एक शब्द बोलायचा होता. नको. तेवढा एक. माझ्या हातात वड्यांची परात होती, तोंड मोकळं होतं. बोलले असते तर संध्याने विचारलं असतं, का नको? जावयासमोर, सुनेसमोर, गौरीसमोर सांगावं लागलं असतं. हे एक. दुसरं म्हणजे मला वाटलं, देवापुढचं आहे, बाधणार नाही. आणि तिसरं, जे मी गोटीरामलाही सांगितलेलं नाही. मला बघायचं होतं. तीन चिमटींनी याला काही झालं नाही तर मी उभी राहून संध्याला सांगणार होते, बघ, सगळे तुझ्या मनाचे खेळ होते, पहिल्यापासून.

केतनने वडा मोडला, वांग्याला लावला आणि खाल्ला. मी बघत होते. दुसरा घास खाल्ला. म्हणाला, "आज वांगं झकास झालंय." तिसरा खाल्ला.

दिलीप काहीतरी घणसोलीच्या गणपतीचं सांगत होता. केतन हसत होता आणि डाव्या हाताचा तळवा मांडीवर घासत होता. मग दोन्ही तळवे. मग खोकला.

संध्या वाढता वाढता थांबली. "केतन, हात दाखव."

त्याने हात वर केला. तळवा लालभडक. मानेवर गांधी चढत होत्या, डोळ्यांदेखत चढत होत्या. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि नुसती शिटीसारखी हवा आली. तो बसल्या जागी कलंडला. त्याचा हात पानात पडला.

"मनस्वी, सुई," संध्या म्हणाली. ओरडली नाही. तिने त्याला आडवा केला, पाय पाटावर उचलून ठेवले. मनस्वीने बाटली फोडली, औषध ओढलं आणि पॅन्टवरूनच मांडीत सुई घातली. दिलीपने गाडी काढली. गोटीरामने पोराला असा उचलला जसा लहानपणी होडीतून उचलायचा. माझ्या हातात परात होती. ती कुठे ठेवली ते मला आठवत नाही.

सुईने थोडा श्वास आला. हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा ओठ निळे होते, पण डोळे उघडे होते. त्याला आत नेलं, नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन, दुसरी सुई. तासाभराने आमच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, आता ठीक आहे, पण दिवसभर नजरेखाली ठेवावं लागेल, परत उलटू शकतं.

"काय खाल्लं?"

संध्याने सांगितलं. मटण, वडे, पापलेट, भात, वांगं. "कोलंबी, सोडे, काहीच नव्हतं, डॉक्टर. मी पहाटेपासून तिथे होते. प्रत्येक डबा बघितला, मसाला चाखला. मी खात्रीने सांगते."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "मग हे दुसरंच काहीतरी आहे. मटणाचीही तपासणी करावी लागेल, मासळीचीही. तोपर्यंत दोन्ही बंद. आणि मागच्या आठवड्यात त्यांची गोळी बदलली होती ना? ती आज थांबवते. तिच्यामुळेही होऊ शकतं."

"ती थांबवली तर?" मनस्वीने विचारलं. "तुम्हीच म्हणाला होतात, एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

"हो. संध्याचं रक्त केतनच्या शरीरावर उलटू नये म्हणून ती गोळी आहे. थांबवण्यात धोका आहेच. पण कारण कळत नसेल तर मला दुसरा मार्ग नाही."

मी कॉरिडॉरमध्ये चालत होते. लिफ्टपर्यंत जायची, परत यायची. पाण्याच्या मशीनपाशी थांबायची, प्यायची नाही, परत यायची. एक नर्स म्हणाली, आजी बसा. मी बसले नाही. गोटीराम माझ्याकडे बघत होता. चाळीस वर्षं त्याने मला बघितलं आहे, मासळीवाल्या दलालांना, पोलिसांना, पालिकेच्या माणसांना तोंडाने गार करताना. असं गप्प फिरताना कधी बघितलं नव्हतं.

बाईंनी खिशातून पेन काढलं. कागदावर लिहायला लागल्या.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे वळले.

"गोळी थांबवू नका. मटनाचं काय नाय, मासळीचं काय नाय. त्याच्या वांग्यात सोडे होते. मी टाकले."

बाईंनी पेन वर केलं. "किती?"

"तीन चिमटी. भाजून कुटलेले."

"नक्की?"

"माज्या हातानं टाकले. नक्कीच असनार."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. "बरं झालं आत्ता सांगितलंत," म्हणाल्या. "गोळी चालू ठेवते." माझ्याकडे अजून क्षणभर बघितलं. आत गेल्या.

मनस्वी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिने ते पान स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवलं होतं, त्यात काय होतं ते तिला आता कळलं असणार. दिलीप गाडी लावतो म्हणून निघून गेला, गाडी केव्हाची लावलेली होती. गोटीरामने टोपी काढून मांडीवर ठेवली.

संध्या बाकावर बसली होती. तिच्या साडीला वांग्याचा डाग होता. हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे गौरीच्या पानात."

"व्हय."

"मनस्वीनं ते उचललं, त्याच्यापुडं ठेवलं, तवा तू तिथं होतीस. परात घेऊन."

"होते."

"तीन घास खाल्ले त्यानं, आये."

"बगत होते मी."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मीही चार घातल्या असत्या, आणि आम्ही दोघी मोकळ्या झालो असतो. ती नुसती बसून राहिली, तळवे मांडीवर उताणे ठेवून. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला, मशीनची जाड सुई घातली होती तिथे, अजून बारीक खूण आहे. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

"आये, बस आता," ती म्हणाली. "दमशील."

एवढं झाल्यावर ती मला बस म्हणत होती. ते मला सहन झालं नाही. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज बारीक करायची मला सवय नाही. लिफ्टपाशी उभे असलेले लोकसुद्धा वळले.

"संध्ये, ऐक. तुजं चुकलंय," मी म्हणाले. "तू घरातला डबा न् डबा तपासलास आन गौरीचं पान सोडलंस. का सोडलंस? आईनं भरलंय, देवापुडं ठेवलंय, म्हनून. तिथं चुकलीस तू. सात वर्साची होतीस, तवा तू रडत सांगितलंस आन मी तुला खोटारडी म्हनाले. खोटारडी मी होते. अजून हाय. डॉक्टरला सांगायचं ते तुज्या तोंडातनं मीच हिरावून घेतलं, आन आज पोराच्या ताटात मीच घातलं. तवा आता नीट ध्यानात ठेव. गौरीचं पान ह्यापुडं तू भरायचंस, माज्या हातात पळी द्यायची नाय. मी शपथा घातल्या, छाती बडवली, अन्नपानी सोडलं, तरी त्या घरात माज्यावर विश्वास ठेवायचा नाय."